फाशी हवी, पण कुणाच्या भरवशावर?

कोल्हापुरात फाशीच्या विरोधात तोंड उघडलं की समोरचा लगेच दोन नावं घेतो: रेणुका शिंदे आणि सीमा गावित. घ्यायलाच हवीत. आई अंजनाबाईसोबत या बहिणींनी १९९० ते १९९६ या काळात लहान मुलं पळवली. कडेवर मूल असलं की चोरी करणाऱ्या बाईवर संशय येत नाही, एवढाच त्या मुलांचा उपयोग. तो संपला की मूल मारून टाकायचं. यावर ज्याचं रक्त उसळत नाही, त्याच्याशी मला वाद घालायचा नाही.

माझा वाद पुढचा आहे. तेव्हाही कायद्यात फाशी होतीच. तिने सहा वर्षांत त्यांना एकदाही अडवलं नाही. पळवलेल्यांत भीक मागणाऱ्या बाईचंही मूल होतं. अशा आईची तक्रार धावत जाऊन कोण घेतो? त्या पकडल्या गेल्या त्या अंजनाबाईच्या आधीच्या नवऱ्याच्या घरातलं मूल नाहीसं झालं आणि त्या घराने संशय घेतला तेव्हा. मुलं वाचली असती ती वेळेवर झालेल्या तपासाने.

२००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने बहिणींना फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिची जन्मठेप केली. गुन्हा सौम्य ठरला म्हणून नव्हे. दयेच्या अर्जांचा निकाल लावायला सरकारने सात वर्षांहून जास्त काळ लावला म्हणून.

"मग लवकर लटकवा की!" हे उत्तर मी कट्ट्यावर ऐकतो, स्टेटसला वाचतो. त्यात तथ्य आहे. ताटकळलेल्या आईबापांना न्याय मिळाला असं कोण म्हणेल?

पण घाईचा हिशोबही बघा. २००३ मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबावर दरोडा, खून आणि बलात्कार झाला. भटक्या जमातीतले सहा जण धरले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांच्या फाशीवर शिक्कामोर्तब केलं. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. कट्ट्यावरच्या वेगाने काम झालं असतं, तर ते ५ लाख कुणाच्या हातात ठेवले असते?

उशीर केला तर पीडितांचा छळ, घाई केली तर निरपराधाचा जीव. जी यंत्रणा फाईल वेळेत हलवत नाही आणि माणूसही नीट ओळखत नाही, तिच्या हातात मी दोर देणार नाही. जन्मठेपेतली चूक उशिरा का होईना दुरुस्त होते. गेलेली वर्षं परत येत नाहीत, पण माणूस तरी घरी येतो.

"तुझ्या घरातलं मूल असतं तर?" तर मीही जीवच मागितला असता. म्हणून तर निकाल माझ्या हातात नसावा.

ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही. म्हणजे आसपासच्या जिल्ह्यांतले असे खटले आता आपल्या गावात येतील. तेव्हा बाहेर 'फाशी द्या'चे फलक धरण्याआधी एवढं विचारा: तपास नीट झालाय का, आणि आरोपीला वकील धड मिळालाय का?