मेणाचा पाय

सोमवारी हापिसात जेवणाच्या टेबलावर एकाने मोबाइल फिरवला. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेतला फोटो होता. ठेल्यावर ओळीने मांडलेली मेणाची घरं, हात, पाय, बाळं, झालंच तर एक विमानसुद्धा! त्यावर त्याने लिहिलेलं, "होम लोन कशाला, मेण घ्या." सगळे खो खो हसले. मीही हसलो. दोनच दिवसांपूर्वी मी तिथेच मेणाचा पाय हातात धरून रांगेत उभा होतो, हे सांगायची काही हिंमत झाली नाही. तेव्हा ही पोस्ट म्हणजे त्या हसण्याचं प्रायश्चित्त समजा.

झालं असं, की बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. डावा पाय अजून ओढत चालतात. आई गिरगावातल्या चाळीत वाढलेली, संकष्टी कधी न चुकवणारी. पण तिच्यासाठी हे चर्च म्हणजे 'मोत माउली'. हे नाव कोळ्यांनी ठेवलेलं. एकवीरेला जाणारे कोळी इथेही येतात. आठ सप्टेंबरला मेरीचा जन्मदिवस, त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा. २०२५च्या जत्रेला आई म्हणाली, "मला घेऊन चल. माझ्याच्याने एकटीला चढवायचं नाही."

मी निघालो तो अर्थात 'आर्किटेक्चर बघायला'. आपल्यासारखे लोक चर्चमध्ये आर्किटेक्चरच बघतात ना! तेही बघण्यासारखं आहे, नाही असं नाही. आत्ताची इमारत १९०४ची, बांधणारा शापूरजी चांदाभॉय नावाचा पारशी. टेकडीच्या पायऱ्याही बोमनजी जीजीभॉय या पारशाने बांधून दिलेल्या. १७०० साली अरबी चाचे आले आणि त्यांनी मूर्तीचा उजवा हातच तोडून नेला, अशी कथा सांगतात. म्हणजे लोक मेणाचे हात घेऊन जिच्याकडे येतात, तिचाच हात गेलेला. हे मला रांगेत उभ्याउभ्या सुचलं आणि उगाच घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. असो.

आमच्या पुढे एक बाई होत्या. हातात मेणाचं घर. छोटंसं, उतरत्या छपराचं. पावसाने भिजू नये म्हणून पदराखाली धरलेलं. मी २०१७ साली फ्लॅट बुक केलाय. ईएमआय सुरू आहे, भाडंही सुरू आहे, ताबा अजून नाही. आईने विचारलं, "आपणही एक घर घेऊया का रे?" मी म्हटलं, "काहीतरीच काय आई!"

मंडळी, भांडण आहे ते ह्या 'काहीतरीच'शी.

आपला आक्षेप नक्की कशाला आहे? मेणाने पाय बरा होत नाही, हे आईला ठाऊक नाही असं वाटतं का तुम्हाला? बाबांच्या गोळ्यांचं वेळापत्रक तिला तोंडपाठ आहे. फिजिओथेरपिस्ट अर्धा तास उशिरा आला तर ती त्याला फोन करते. तिने उपचार बंद करून मेण आणलं असतं, तर मी सगळ्यात आधी भांडलो असतो. तेल चोळून अर्धांग बरा करणाऱ्या भोंदूला पोलिसात द्यावं, ह्याबद्दलही दुमत नाही. पण सगळं करून झाल्यावर जे उरतं त्याचं काय करायचं?

आपण काय करतो ते सांगतो. एच-वन-बीच्या लॉटरीत माझं नाव होतं त्या वर्षी मी दर दहा मिनिटांनी मेल रिफ्रेश करत होतो. रिफ्रेश केल्याने लॉटरी लागत नाही हे मला कळत होतं, इंजिनियर आहे मी. त्याच टेबलावरच्या एकाने पैसे भरून 'मॅनिफेस्टेशन'चा कोर्स केलाय आणि स्वप्नातल्या घराचा फोटो भिंतीवर डकवलाय. त्याला कोणी हसत नाही. का, तर तो कोर्स इंग्रजीत होता!

"सगळा धंदा आहे, तेच मेण वितळवून परत विकतात," असं एक जण म्हणाला. असेलही. आपल्या देवळातल्या नारळाचं आणि चांदीच्या डोळ्यांचं काय होतं ह्याची चौकशी त्याने कधी केलेली ऐकली नाही.

मला खरा राग आला तो स्वतःचा. त्या बाई चारचौघांत, भर पावसात सांगत होत्या की मला घर नाही आणि मला ते हवंय. मी आठ वर्षं हापिसात "पझेशन होईलच यंदा" असं हसत हसत सांगतोय. लाज त्यांना नव्हती, मला होती.

आईने पाय अर्पण केला, डोळे मिटले, आणि मला फारसा वेळ न देता बाहेर काढलं. उतरताना बाबांसाठी कडिओ-बोडिओ घेतले. घरी आल्यावर बाबांनी एक तोंडात टाकला आणि विचारलं, "पाय कितीला पडला?"

"साठ रुपये," आई म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "आणि घर?"