टॉवरची जागा गच्चीच्या भाड्याने ठरू नये
1 ऑगस्ट 2022 रोजी संपलेल्या लिलावात दूरसंचार कंपन्यांनी सुमारे दीड लाख कोटी रुपयांचे स्पेक्ट्रम घेतले. या सार्वजनिक संपत्तीचा मुंबईसारख्या शहरात पुरेपूर उपयोग होतो की नाही, हे बरेचसे अँटेना कुठे बसते यावर अवलंबून आहे. 5जीच्या एकेका पेटीत 64 पर्यंत प्रेषक-ग्राहक संच असतात. एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर वेगवेगळ्या फोनशी स्वतंत्रपणे बोलणे हे त्यांचे खरे बळ. पण त्यासाठी प्रत्येक फोनकडून येणाऱ्या लहरींची वाट वेगळी ओळखू यावी लागते. अँटेना आजूबाजूच्या छपरांपेक्षा फार उंच असली, की खालच्या दाट वस्तीतले फोन तिला जवळपास एकाच दिशेला दिसतात आणि त्यांना वेगळे काढणे अवघड होते. ती फार खाली बसवली, तर समोरची एक इमारतही सिग्नल अडवते. म्हणून गल्लीची रुंदी, इमारतींची उंची आणि गर्दीची ठिकाणे पाहूनच जागा ठरायला हवी. प्रत्यक्षात मात्र जी सोसायटी गच्ची देते, तिथे टॉवर चढतो.

कंपन्यांकडे तज्ज्ञ आहेत, नियोजन त्यांच्यावरच सोडावे, असे कोणी म्हणेल. पण तज्ज्ञालाही उपलब्ध जागांतूनच निवड करावी लागते. दुसरा आक्षेप आरोग्याचा, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. भारताने 2012 मध्ये टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली. शिवाय सिग्नल क्षीण असेल, तर कानाला लावलेला फोनच अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो. त्यामुळे टॉवर दूर हटवला म्हणून रहिवासी अधिक सुरक्षित होतातच, असे नाही. लोकांची भीती घालवायची, तर प्रत्येक ठिकाणची मोजमापे त्यांच्यासमोर मांडली पाहिजेत.

छोट्या अँटेनांसाठी दिव्यांचे खांब वापरण्याची वाट 2022 च्या नियमदुरुस्तीने मोकळी केली आहे. त्या खांबांपर्यंत वीज आणि फायबर नेण्यास खर्च येईल, हे खरे. पण रस्त्यांचे काँक्रिटीकरण होतानाच फायबरसाठी नळ्या टाकल्या, तर तोच रस्ता पुन्हा खोदावा लागणार नाही. महापालिकेने पुनर्विकासाच्या आराखड्यांतच अँटेनांसाठी जागा राखाव्यात आणि त्या सर्व कंपन्यांना समान अटींवर द्याव्यात. पाणी आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांची आखणी आपण घरमालकांच्या मर्जीवर सोडत नाही. ज्या नेटवर्कवर आज शिक्षण, व्यवहार आणि आणीबाणीची मदत अवलंबून आहे, त्याची आखणीही सोडू नये.