नाताळचा अर्थ आणि एक लहानसे अव्यय

मार्गशीर्षात गीताजयंती होते, दत्तजयंती होते, गुरुवारी घरोघर लक्ष्मीची पूजा मांडली जाते, आणि त्याच सुमारास इंग्रजी महिन्याची २५ तारीख येऊन नाताळचा सण दाराशी उभा राहतो. पूर्वी आमच्या भागात हा सण मिशनच्या आवारापुरता होता. आता दुकानांच्या काचा, शाळांची स्नेहसंमेलने आणि मुलांच्या डोक्यांवरच्या तांबड्या टोप्या यांच्या वाटेने तो आपल्या ओसरीपर्यंत आला आहे, आणि त्याच्यामागून दरवर्षीचा वादही. एक पक्ष म्हणतो, सगळे देव सारखेच, साजरा केला म्हणून काय बिघडले? दुसरा म्हणतो, ही टोपी म्हणजे धर्मांतराची पहिली पायरी. दोन्ही पक्षांच्या बोलण्यात ज्याचा हा जन्मोत्सव त्याचे नावही क्वचितच येते.

कळंबास चिंतामणीपुढे कीर्तन आटोपले, आरती झाली आणि बुक्का लावून घेण्यासाठी मंडळी पुढे आली. त्यांत एक तरुण माता होती. तिने विचारले, “महाराज, पोराले शाळेत सांताक्लॉज कराले सांगतलं. करू का नको?” प्रश्न लहान होता, पण मला त्याचे उत्तर तिथल्या तिथे देता आले नाही. मुलाच्या दाढीमिशांचा तो प्रश्न नव्हता. या सणाच्या पोटी जे आहे ते आपण कोणत्या दृष्टीने पाहावे, असे ती विचारत होती.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘जन्मासंबंधीचा’, म्हणजे आपल्या जन्माष्टमीतला ‘जन्म’ तोच. ‘ख्रिस्त’ हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ अभिषिक्त, ज्याला तेलाने अभिषेक झाला आहे असा. काही उत्साही व्याख्याते ‘ख्रिस्त म्हणजे कृष्णच’ असे सांगून टाळ्या घेतात. व्याकरणाच्या विद्यार्थ्याने त्या टाळ्यांत सामील होऊ नये. कृष्ण म्हणजे सावळा, ख्रिस्त म्हणजे अभिषिक्त. दोन शब्दांचे गोत्र एक नाही. बेथलेहेम या हिब्रू ग्रामनामाचा अर्थ मात्र ऐकण्याजोगा आहे : भाकरीचे घर. जन्मतिथी चारही शुभवर्तमानांत कोठेच नाही. २५ डिसेंबर हा दिवस रोममध्ये इ. स. ३३६ च्या सुमारास पाळला जात असल्याची नोंद सापडते. आणि सांताक्लॉजचा या जन्मकथेशी काही संबंध नाही. चौथ्या शतकातील मायरा या गावचे दानशूर धर्माध्यक्ष निकोलस यांची स्मृती डच लोकांबरोबर अमेरिकेत गेली आणि तेथे तिला हा गुबगुबीत लाल वेष मिळाला. तेव्हा टोपी घातल्याने कोणी ख्रिस्ती होत नाही, आणि ख्रिस्त कोण हेही कळत नाही.

कथा अशी आहे. रोमच्या बादशहाने शिरगणतीचा हुकूम काढला. नाझरेथचा एक सुतार आपल्या गरोदर वाग्दत्त वधूला घेऊन बेथलेहेमास आला. धर्मशाळेत जागा नव्हती. मूल जन्मले ते गुंडाळून गव्हाणीत ठेवावे लागले. ही वार्ता प्रथम राजवाड्यात गेली नाही, मंदिरातील आचार्यांकडेही गेली नाही. रात्री रानात मेंढरे राखणाऱ्या मेंढपाळांना ती कळली. पुढे हेरोद राजाने बालहत्या आरंभली आणि आईबापांनी बाळाला घेऊन मिसर देश गाठला. ज्या घरात दशमस्कंध वाचला जातो तेथे हे ऐकताच बंदिशाळा आठवते, कंस आठवतो, यमुनेपलीकडचे गोकुळ आठवते. मग आपण सहज म्हणतो, म्हणजे हाही एक अवतारच!

हे म्हणण्यात आपले औदार्य आहे, आणि ते मला प्रिय आहे. परंतु पाहुण्याला आपल्या घरची पगडी बळेच घालून ‘आता तुम्ही आमच्यासारखे दिसता’ असे म्हणणे हा आदर नव्हे. ख्रिस्ती माणूस स्वतः काय म्हणतो ते आधी ऐकले पाहिजे.

गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंतांनी आपण अजन्मा असूनही स्वतःच्या मायेने प्रकट होतो असे सांगितले आहे. गीताभाष्याच्या आरंभी आद्य शंकराचार्य याच प्रसंगाचे वर्णन करतात तेव्हा ते ‘इव’ हे अव्यय योजतात : जणू देहधारी झाला, जणू जन्मला. अद्वैताच्या दृष्टीने हे अव्यय अपरिहार्य आहे. जो कधी बद्ध झालाच नाही त्याला जन्म कसला आणि देह कसला? दोन अक्षरांच्या या अव्ययावर आपल्या वेदान्ताचा केवढा तरी भार तोललेला आहे.

ख्रिस्ती श्रद्धेने नेमके हे ‘इव’ खोडून टाकले. येशूचा देह भासमान होता असे म्हणणारे एक मत त्यांच्यात पहिल्या काही शतकांत निघाले होते, ते त्यांनी पाखंड म्हणून बाजूला सारले. दुसऱ्या बाजूने अलेक्झांड्रियाचा आरियस नावाचा धर्मगुरू म्हणू लागला की पुत्र हा श्रेष्ठ असला तरी निर्माण केलेलाच, देव नव्हे. इ. स. ३२५ मध्ये निकिया येथे धर्मपरिषद भरली आणि पुत्र हा पित्याशी एकसत्त्व आहे असा निर्णय झाला. २०२५ मध्ये त्या परिषदेला १७०० वर्षे झाली, आणि पोप लिओ चौदावे तुर्कस्तानातील त्या स्थळी जाऊन आले. वाचकांना वाटेल, एका शब्दासाठी एवढा खल? पण जीव आणि ब्रह्म यांच्यातील एका ‘अ’कारावरून, द्वैत की अद्वैत यावरून, आपल्या आचार्यांनी ग्रंथामागून ग्रंथ रचले, ते आपण विसरू नये.

तेव्हा नाताळचा शास्त्रार्थ असा : देव जणू माणूस झाला असे नव्हे, तर खरोखरच झाला. भुकेला, दमला, मित्राच्या थडग्यापाशी रडला आणि वेदना सोसून मेला. आणि हे एकदाच घडले, युगे युगे नव्हे. आपले वैष्णव आचार्य भगवंताचा देह मिथ्या मानीत नाहीत, तो खरा मानतात. परंतु तो शुद्ध सत्त्वाचा, आपल्या हाडामांसाचा नव्हे. म्हणून रामानुज आणि मध्व यांच्या वाटेनेही हे अंतर पुरते बुजत नाही.

मी स्वतः हे ‘एकदाच’ मान्य करू शकत नाही. ज्याची करुणा अपार त्याने येण्याची संख्या एकावर का थांबवावी, हे मला आजवर पटलेले नाही, आणि ख्रिस्ती स्नेह्यांशी बोलताना मी ते स्पष्ट सांगतो. पण आपण काय नाकारतो आहोत हे तरी आपल्याला ठाऊक असावे. तांबडी टोपी नाकारून आपण काहीच नाकारलेले नसते.

आणि येथे एक गंमत आहे. आपल्या शास्त्रांनी जपलेले ‘इव’ आपल्या संतांनी पदोपदी विसरून टाकले. जनाबाईबरोबर दळायला बसणारा, चोखोबांबरोबर ढोरे ओढणारा, नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी वाहणारा, दामाजीपंतांसाठी विठू महार होऊन बेदरच्या दरबारात उभा राहणारा पांडुरंग हा ‘जणू’ दमला होता असे कोणी कीर्तनकार सांगेल काय? सांगितले तर श्रोते उठून जातील. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवला, म्हणजे नाताळच्या आधी पाचच दिवस त्यांची पुण्यतिथी येते. हाती खराटा, डोक्यावर गाडगे. देव कोठे आहे हे त्यांनी वऱ्हाडाला नाली साफ करता करता दाखविले. देवाचे लहान होणे हा विषय आपल्याला परका नाही.

याच वाटेने एक मराठी ब्राह्मण ख्रिस्तापर्यंत गेला. नारायण वामन टिळक हे संस्कृतज्ञ, आशुकवी. नागपुरास बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत असता राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले. डोंगरावरील प्रवचन वाचून ते हेलावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. त्या वियोगाची कथा त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये सांगितली आहे, आणि ती वाचताना धर्मांतर हा शब्द किती जणांची काळजे चिरीत जातो ते कळते. परंतु टिळकांनी मराठी टाकली नाही, अभंग टाकला नाही, कीर्तनही टाकले नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. ‘ख्रिस्तायन’ त्यांनी आरंभिले, १९१९ मध्ये ते गेल्यावर लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले.

एकदा उत्तररंगाला मी हे आख्यान लावले तेव्हा पुढच्या रांगेतील एक वृद्ध गृहस्थ उठून गेले. दुसऱ्या दिवशी ते घरी आले आणि म्हणाले, “महाराज, देवळात तुम्ही बाटलेल्याची कथा सांगितलीत.” मी त्यांना खोटे ठरविले नाही, कारण त्यांच्या रागाला इतिहास आहे. मंगेशी कुशस्थळीहून आणि शांतादुर्गा केळोशीहून का हलली, हे कोणत्याही सारस्वत घरात विचारावे. गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेले धर्मन्यायालय १८१२ पर्यंत चालले. त्याच गोव्यात, त्याच साष्टीत, फादर स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाने १६१६ मध्ये छापले गेलेले ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचले आणि मराठीचा गौरव केला, हेही तितकेच खरे. एक खरे दुसऱ्याने पुसले जात नाही. मी त्या गृहस्थांना एवढेच म्हटले की देवळे पाडणारा बेथलेहेमच्या गव्हाणीतून आलेला नव्हता, तो हेरोदाच्या वाड्यातून आला होता. त्यांनी चहा घेतला. पटले की नाही ते बोलले नाहीत.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर ख्रिस्ती धर्म येथे नवखा नाही. १९५३ मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणाची संस्था स्थापन झाली आणि १९८३ मध्ये पुण्यास जाईपर्यंत तीस वर्षे देशभरचे विद्यार्थी आपल्या गावात राहून गेले. उमरीच्या मिशनच्या रुग्णालयात उपचार घेतलेली माणसे गावोगाव आहेत. संशयही जुना आहे. हा जिल्हा मध्य प्रदेशात असताना नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ मध्ये मिशनऱ्यांच्या कार्यावर कठोर अहवाल दिला. पुढे १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क येत नाही असे सांगितले. बळाने वा लालचीने धर्मांतर करू नये, हे न्यायालयाच्या आधी येशूच्या चरित्रातच दिसते. सैतानाने राज्ये देऊ केली ती त्याने घेतली नाहीत, आणि श्रीमंत तरुण खिन्न होऊन परत गेला तेव्हा त्याच्यामागे धावला नाही. कोणी मिशनरी धान्याच्या पोत्याबरोबर धर्म वाटीत असेल तर तो प्रथम आपल्या गुरूचा अपराधी आहे.

२०१९ च्या जानेवारीत साहित्य संमेलन यवतमाळला भरले, उद्घाटन आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते झाले. त्याच्या पुढच्या, उस्मानाबादच्या संमेलनाला वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष निवडले गेले, तेव्हा ‘पाद्री कसा?’ म्हणून गदारोळ झाला. ज्या भाषेत ‘ख्रिस्तपुराण’ आहे, ज्या भाषेत पंडिता रमाबाईंनी संपूर्ण बायबल आणले, त्या भाषेने हा प्रश्न विचारावा याचे मला नवल वाटले. दिब्रिटो २०२४ मध्ये गेले. त्यांचे ‘सुबोध बायबल’ ज्यांना ‘इव’चे अंतर स्वतः तपासायचे आहे त्यांनी अवश्य पाहावे.

अलीकडे २५ डिसेंबरला तुळशीपूजन करावे असा प्रचार होतो. तुळशीला आपल्या घरी रोज पाणी घातले जाते, सांजवात लावली जाते, कार्तिकात तिचे लग्न लागते. तिला कोणाच्या सणावर रोखून धरण्यासाठी मुहूर्त कशाला हवा? वृंदावन हे अंगणात असते, वेशीवरच्या मोर्च्यात नव्हे.

खुद्द बेथलेहेमात २०२३ आणि २०२४ ही दोन वर्षे युद्धामुळे रोषणाई झाली नाही. २०२३ मध्ये तेथील एका चर्चमध्ये बाळ येशूची मूर्ती गव्हाणीऐवजी ढिगाऱ्याच्या दगडांत ठेवली होती. जन्मस्थानाच्या मंदिराचे दार इतके बुटके आहे की राजालाही वाकून आत जावे लागते, आणि जन्माची जागा भुयारात आहे, पायऱ्या उतरून जावे लागते. आमच्या कळंबचा चिंतामणीही जमिनीच्या खाली आहे. देवाला भेटण्यासाठी चढण्याऐवजी उतरावे लागते अशी ही दोन ठिकाणे, आणि मला त्या पायऱ्यांवरच त्या मातेला द्यायचे उत्तर सुचले.

पुढच्या खेपेस ती भेटली तेव्हा मी म्हटले, “बाई, शाळेत गुरुजींना सांग, आमचा मुलगा सांताक्लॉज होणार नाही, मेंढपाळ होईल. वार्ता प्रथम त्यांनाच कळली होती.”

तिने क्षणभर विचार केला. “घोंगडं हाय घरी, आज्याचं,” ती म्हणाली. “मेंढरू मात्र शाळेनं आणाव.”