दमण्याआधीचा विसावा

डिसेंबरात पुण्याची मॅरेथॉन आणि जानेवारीत मुंबईची, अशा लागोपाठच्या दोन शर्यतींत अर्ध-मॅरेथॉनसाठी नाव नोंदवणारे चाळिशी-पन्नाशीतले धावक आता कितीतरी कुटुंबांत आढळतात. पहिली शर्यत बहुधा निभावते. मधल्या आठवड्यांत मात्र पोटरी धरते, गुडघा कुरकुरू लागतो आणि दुसरी शर्यत हातची जाते. अशा धावकांनी धाव-चाल पद्धतीचा गांभीर्याने विचार करावा.

या पद्धतीचा प्रसार केला तो अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ते दहा हजार मीटर शर्यतीत उतरले होते; पुढे नवशिक्यांना शिकवताना त्यांनी धावण्याच्या मधेमधे चालण्याचे ठरावीक टप्पे घातले. आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. आषाढीच्या वाटेवर पालखीचा विसावा ठरलेल्या जागी होतो; कोण किती दमले आहे, हे पाहून तो ठरत नाही. धाव-चालीचे मर्म तेच आहे. चालायचे ते दम लागल्यावर नव्हे, तर पहिल्या पाच मिनिटांपासून. पंधरा किलोमीटरनंतर पाय जड झाले म्हणून चालणे ही माघार होय, पद्धत नव्हे.

‘वेळ वाया जाईल’ हा आक्षेप हमखास येतो. हिशेब करून पाहू. किलोमीटरला सात मिनिटे या गतीने न थांबता धावल्यास २१.१ किलोमीटरला सुमारे २ तास २८ मिनिटे लागतात. चार मिनिटे त्याच गतीने धाव आणि एक मिनिट चाल असे केल्यास २ तास ३९ मिनिटे. पण पंधरा किलोमीटर सलग धावून उरलेले अंतर चालत, रखडत काटावे लागले, तर २ तास ५२ मिनिटे. शिवाय दुखावलेले स्नायू घरी न्यायचे ते वेगळेच.

सरावासाठी घाटरस्ता हवा, आणि पुणे-मंचर भागातील धावकांना भीमाशंकरसारखा दुसरा रस्ता क्वचितच मिळेल. घोडेगाव, डिंभे धरण, मग पोखरी-तळेघरकडची चढण आणि शेवटी सुमारे हजार मीटर उंचीवरचे अभयारण्य. संपूर्ण रस्ता धावण्याची गरज नाही. एखादा टप्पा निवडावा. चढावर घड्याळ बाजूला ठेवून सरळ चालावे. त्यात कमीपणा नाही. चालण्याच्या त्या मिनिटांत हिरड्याच्या झाडावरचे शेकरूचे घरटे दिसले, तर तो वरचा लाभ समजावा.

खरी काळजी उताराची. चढ छातीला दमवतो, उतार मांड्यांना फोडतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच आकुंचन पावून शरीराला रोखून धरतो आणि त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. म्हणूनच वेदना त्या दिवशी न जाणवता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जाणवते. मात्र याच इजेत एक वरदानही दडलेले आहे. उताराचा एक मर्यादित सराव झाला की पुढचे काही आठवडे तेच स्नायू तशा ताणाला अधिक खंबीरपणे तोंड देतात. त्यामुळे पहिल्या शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी घाट उतरण्याचा एक सराव करावा, शेवटच्या पंधरवड्यात मुळीच करू नये.

लागोपाठच्या शर्यतींची तयारी लागोपाठच्या दिवसांनी होते. तीन आठवड्यांतून एकदा शनिवारी बारा-चौदा किलोमीटर घाटाचे आणि रविवारी आठ-दहा सपाटीचे, अशी जोडी ठेवावी. रविवारी प्रमाण सैल करावे: दोन मिनिटे धाव, एक मिनिट चाल. दोन्ही पाय सारखे दुखत असतील तर चिंता नको. एकाच बाजूला बोट ठेवून दाखवता येईल अशी वेदना असेल किंवा पाय लंगडत असेल, तर तिथेच थांबावे. चाळिशी उलटलेल्यांनी, विशेषतः मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी, हा सराव सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी.

जुन्नर-आंबेगावच्या धावकांना आणखी एक पथ्य आहे, जे शहरी पुस्तकांत सापडणार नाही. हा बिबट्यांचा मुलूख आहे आणि ऊस हे त्यांचे घर झाले आहे. उसाच्या कडेने अंधारात एकट्याने, कानात गाणी घालून धावू नये. उजाडल्यावर, सोबतीने निघावे. पावसाळ्यात वर धुके इतके दाट असते की समोरची गाडी उशिरा दिसते. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला तर हा रस्ता भाविकांचाच असतो.

घरच्यांचे काम दोन सरावांच्या मधल्या रात्री असते. परतल्यावर तासाभरात केळे, राजगिऱ्याचा लाडू किंवा गूळ-पोळी, जेवणात पोटभर वरणभात, ताक, आणि लवकर झोप. स्नायूंतील साखरेचा साठा पुन्हा भरायला साधारण एक दिवस लागतो; ‘वजन उतरवायचे आहे’ म्हणून त्या रात्री उपाशी राहणाऱ्याचा रविवार वाया जातो. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. बळेच लिटरभर प्यायल्याने रक्तातील सोडियम घसरू शकते. आणि शर्यतीच्या सकाळी खबरदारी म्हणून इबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेण्याची जी प्रथा पडली आहे, ती मला अत्यंत घातक वाटते. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात ही औषधे मूत्रपिंडावर आघात करू शकतात.

पुण्याचे आशिष कासोदेकर यांनी २८ नोव्हेंबर २०२१ ते २६ जानेवारी २०२२ या साठ दिवसांत रोज एक अशा साठ मॅरेथॉन पूर्ण केल्या. तो पराक्रम वर्षानुवर्षांच्या अतिदीर्घ धावांवर उभा होता. आपला मार्ग वेगळा. पहिल्या शर्यतीनंतर एक आठवडा केवळ चालावे. दुसऱ्या आठवड्यात अर्ध्या तासाची धाव-चाल, मग एकच लांब पल्ला, आणि शेवटचे दहा दिवस पुन्हा हलके. या काळात लघवी चहासारखी गडद झाली वा स्नायू सुजून ताठरले, तर तो थकवा समजून घरी बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.