धाप खुर्चीवर बसून कळत नाही
तपासणीच्या खोलीत बसलेल्या बाईची नाडी 70 असते, एकोचा अहवालही फारसा घाबरवणारा नसतो. घरी मात्र पाण्याची कळशी घेऊन दुसरा मजला गाठेपर्यंत तिला कठड्याला धरून उभे राहावे लागते. तेव्हा नाडी 130 असते, आणि ती कुणीच मोजलेली नसते.

लहानपणी घसा दुखून आलेला ऱ्हुमॅटिक ताप हृदयातल्या मायट्रल झडपेच्या पाकळ्या जाड करतो, कडांना चिकटवून टाकतो. निरोगी झडपेचे तोंड 4 ते 6 चौरस सेंटीमीटर असते. ते दीडवर आले की आजार तीव्र मानतात. भारतात असे रुग्ण आजही पुष्कळ आहेत आणि त्यांत बायका अधिक.

या झडपेतून रक्त खाली उतरते ते हृदय सैलावते तेवढ्याच वेळात. नाडी 60 असताना एका ठोक्याला पुरा सेकंद मिळतो. ती 120 झाली की अर्धा सेकंद उरतो, आणि कात्री लागते ती मुख्यतः सैलावण्याच्या वेळेला. अरुंद तोंडातून रक्त दुप्पट वेगाने जायचे तर दाबातला फरक चौपट होतो. हा दाब मागे फुप्फुसात साचतो आणि धाप लागते.

नाडी मंदावणारे बीटा ब्लॉकर औषध इथेच कामी येते. जेम्स ब्लॅक यांनी 1960च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आणले. 1988च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. त्याच गटातली आजची मेटोप्रोलॉलची स्वस्त गोळी नाडी आवरते, झडपेला सवड देते, फुप्फुसातला दाब उतरवते.

पण श्रमाच्या वेळी शरीर रक्तपुरवठा वाढवते तो बराचसा नाडी वाढवूनच. तीच रोखली, तर धाप कमी होऊनही पाय गळू शकतात. चालण्याची ताकद काही अभ्यासांत वाढलेली दिसली, काहींत नाही, याचे आश्चर्य वाटायला नको.

म्हणूनच नाडी उतरली की काम झाले, असे मानणे चूक आहे. गोळीआधी आणि गोळीनंतर रुग्णाला ट्रेडमिलवर चालवून लगेच एको करावा. ट्रेडमिल नसेल तर निदान जिना चढवून नाडी मोजावी. शिवाय गोळीने झडप उघडत नाही. त्यासाठी जपानच्या कांजी इनोऊ यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेली फुग्याची पद्धत आहे. गोळीने बरे वाटते म्हणून श्रमानंतरची तपासणी पुढे ढकलली जाते, आणि मग तरुण बाईला दिवस जातात. गर्भारपणात अंगातले रक्त 40 ते 50 टक्के वाढते, नाडीही चढते. झडपेचा निर्णय त्याआधीच व्हायला हवा.