नाडी न पाहता दिलेला काढा

वाचन शिकविणे ही विद्या आहे की केवळ छापील माल वाटण्याचे काम, हे एकदा स्पष्ट बोलणे आता भाग आहे. धडे छापील, प्रश्न छापील, आणि शिक्षकाने कोणत्या क्षणी कोणते वाक्य उच्चारावे तेही छापील, असे तयार वाचनसंच शाळांच्या गळ्यात बांधणारे म्हणतात की, शिक्षक सर्वत्र सारखे नसतात. संच मात्र सारखाच असतो. नेमका हाच त्याचा दोष होय. कारण मुले सारखी नसतात.

अमेरिकेने हा प्रयोग करून पाहिला आहे. २००२ च्या शिक्षण कायद्याखाली 'रीडिंग फर्स्ट' योजनेवर तेथे दरसाल सुमारे १ अब्ज डॉलर खर्च होऊ लागले. २००६ साली त्या सरकारच्याच महानिरीक्षकांनी योजनेच्या कारभारातील पक्षपातावर बोट ठेवले. २००८ च्या सरकारी अभ्यासात दिसले ते असे: वाचनाच्या अध्यापनास वेळ अधिक मिळाला, पहिलीच्या मुलांची अक्षरे जुळविण्याची शक्तीही काहीशी वाढली, परंतु वाचलेल्याचे आकलन लक्षणीय वाढले नाही.

अक्षर व ध्वनी यांची क्रमवार ओळख हवीच. तिला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो शिक्षकाचा विवेक हिरावून घेण्यास. गोव्यातील एखादा वर्ग डोळ्यांपुढे आणा. घरी कोंकणी बोलणारे मूल मराठी पुस्तकातील 'आहे' हा शब्द 'आसा' असा वाचते. शेजारचे मूल 'कमल'ला 'कलम' म्हणते. संचाच्या तक्त्यात दोघांचीही एकेक चूक. परंतु पहिल्याने अर्थ गाठला आहे, घरची वाणी तेवढी ओठांवर आली. दुसऱ्याची अक्षरांवरची नजरच अजून स्थिर नाही. एकास "बाळ, अक्षरे पुन्हा पाहा" एवढे पुरे. दुसऱ्यासाठी चार दिवस त्याच धड्यावर थांबावयास हवे. हे शिक्षकाच्या कानास कळते, संचास नाही. आणि कळूनही 'उद्या पुढील पान' असाच हुकूम असेल, तर त्या शिक्षकाने करावे काय?

शिक्षक कच्चा असेल तर त्यास शिकवावे. वैद्य कच्चा निघाला म्हणून नाडी पाहण्यासच कोणी बंदी घालीत नाही.

तिसरीपर्यंत प्रत्येक मुलास समजून वाचता यावे, हे २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचे ध्येय स्तुत्यच आहे. म्हणूनच शाळासमितीवर असलेल्या वाचकांनी कोणताही संच घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: मूल अडले, तर तेथे थांबण्याचा अधिकार शिक्षकास राहील काय? उत्तर नकारार्थी आले, तर तो पैसा गोष्टींच्या पुस्तकांवर व शिक्षकांच्या प्रशिक्षणावर खर्च करावा.