भिंतीवरच्या बंदुकीला कागद द्या

कोकणातल्या पुष्कळ घरांत, आमच्या मुस्लिम मोहल्ल्यांतही, ठासणीची बंदूक असायची. रानडुकरांपासून शेत राखण्यासाठी शेतीसंरक्षणाचा परवाना मिळे. निवडणूक आली की ठाण्यात जमा, संपली की परत. परवानाधारक वारला की मात्र वारसाने ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. मुदतीत काही झाले नाही तर शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने ती सरकारजमा. आज्याची आठवण लिलावात किंवा भंगारात!

माझे म्हणणे सरळ आहे. ज्याला ती चालवायची नाही, फक्त ठेवायची आहे, त्याला ती कायमची निकामी करून घरी नेता आली पाहिजे.

कायदा याच्या आड येत नाही. १९५९ च्या कायद्याचे कलम ४५ वाचा. कालबाह्य बनावटीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा नादुरुस्त शस्त्र दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येत नसेल, तर त्याला हा कायदाच लागू नाही. सगळी मेख 'दुरुस्त करूनही' या शब्दांत आहे. नळी गंजली, चाप मोडला, एवढ्याने भागत नाही. नळी आतून बुजवून वेल्डिंग केली पाहिजे, बार पेटवणारे भोक बंद झाले पाहिजे. आणि हे झाले असे ठरवणार कोण?

आमच्या आज्यांच्या बंदुकीसाठी मी एका कचेरीत तीनदा गेलो. एक साहेब म्हणाले, वारस म्हणून परवाना काढा. दुसरे म्हणाले, मोडीत द्या. निकामी करून द्या म्हटले तर दोघेही माझ्याकडे बघत राहिले.

ज्यांच्याकडून आपण हा कायदा उचलला त्या ब्रिटनने १९८८ मध्येच सोय केली. लंडन आणि बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा शिक्का व दाखला असला की ती बंदूक निकामी धरली जाते. (त्याच इंग्रजांनी १८७८ च्या कायद्यात हिंदी माणसाला परवाना सक्तीचा करून गोऱ्यांना सूट दिली होती, हेही विसरू नये.)

आपल्यातले काही म्हणतात, कागद कशाला, माळ्यावर पडू दे. भाईजान, २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीला किमान दोन वर्षे, कमाल पाच वर्षे कैद आहे. शिवाय आपल्या माळ्यावर सापडलेली गंजकी नळी बातमीत 'शस्त्रसाठा' होते, वाड्यातल्या दिवाणखान्यात तीच 'ऐतिहासिक ठेवा' असते. म्हणून दाखल्याची गरज आपल्याला इतरांहून जास्त आहे. गावच्या लोहाराकडूनही परस्पर काही करून घेऊ नका. विनापरवाना दुरुस्ती किंवा फेरफार हाही गुन्हाच. आणि 'न उडणारी बंदूक कसली मर्दाची' म्हणणाऱ्यांनो, तुमचा आजा डुकरे हाकत होता, लढाया नव्हता मारत.

मागणी एवढीच: प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारमान्य बंदूकदुरुस्ती करणाऱ्याकडून हे काम व्हावे, पोलिसांनी तपासून क्रमांकासह मराठीत दाखला द्यावा, आणि अर्ज पडून असेपर्यंत बंदूक सरकारजमा होऊ नये. तोवर जुन्या परवान्याची झेरॉक्स आणि जमा केल्याची पावती सांभाळा. अर्ज लेखीच द्या, पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.